मनगटासाठी ब्रेस कोणता घ्यावा?

ब्रेस घेताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा साइजचा असतो. खरं तर कुठली हालचाल थांबवायची आहे, हे त्याआधी ठरवावं लागतं. मनगट वर-खाली वाकतं, दोन्ही बाजूंना झुकतं, शिवाय अंगठ्याच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) त्याच्यावरूनच जातात. हे सगळं एकदम जखडणारा ब्रेस क्वचितच लागतो, आणि चुकीची हालचाल अडवणारा ब्रेस कितीही महाग असला तरी निरुपयोगीच.

त्यामुळे आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटतो, ही कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबण्याची, ठरलेली लक्षणं. यात मनगट सरळ धरणारा ताठ ब्रेस लागतो, तोही मुख्यतः झोपताना. मुंग्या करंगळीत आणि अनामिकेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात येत असतील, तर नस बहुधा कोपराशी दबलेली असते. तिथे मनगटाचा ब्रेस काहीच करणार नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते आणि मूल उचलताना किंवा कपडे पिळताना ती वाढते, तेव्हा अंगठाही धरून ठेवणारा ब्रेस घ्यावा. त्याला थम्ब स्पायका म्हणतात. अशा दुखण्यात साधा मनगटाचा ब्रेस घालून लोक महिना काढतात आणि 'ब्रेसचा काही उपयोग नाही' म्हणतात. अंगठा मात्र दिवसभर मोकळाच हलत असतो.

हात टेकून पडल्यानंतर दुखत असेल, तर आधी खरेदी नको. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तो दाबून दुखला तर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. ते पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, म्हणून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो; वेळेवर धरून ठेवलं नाही तर ते न जुळण्याचा धोका असतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: ब्रेसच्या आतली पट्टी. ताठ ब्रेसमध्ये तळहाताच्या बाजूला एक खिसा असतो आणि त्यात धातूची पट्टी. तयार ब्रेसमध्ये ती बऱ्याचदा मनगट 20 ते 30 अंश वर उचललेलं राहील अशी वाकवलेली असते, कारण त्या स्थितीत पकड चांगली बसते. पण कार्पल टनेलमध्ये नसेवरचा दाब मनगट सरळ असताना सर्वांत कमी असतो. वर वाकवा की खाली, तो वाढतो. म्हणजे तसाच घातलेला ब्रेस रात्रभर नको त्याच स्थितीत हात धरून बसतो! पट्टी बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबून जवळजवळ सपाट करा आणि परत घाला. मग बाजूने पाहा: हाताची पाठ आणि कोपरापर्यंतचा भाग एका रेषेत दिसला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हाताने वाकते, पण पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. पट्टी निघत नसेल किंवा कडक प्लॅस्टिकची असेल, तर तो ब्रेस या कामासाठी घेऊ नका.

मापासाठी टेप मनगटाच्या सर्वांत अरुंद भागाभोवती, न आवळता फिरवा. काही उत्पादक तळहाताचा घेर धरतात, त्यामुळे तक्ता आधी वाचा. सूज असेल तर संध्याकाळी मोजा. माप दोन साइजच्या मध्ये आलं तर मोठी साइज घ्या. डावा-उजवा तपासायला विसरू नका.

लांबी तळहातावर अशी ओळखावी: ब्रेसची कड हस्तसामुद्रिकवाले जिला हृदयरेषा म्हणतात तिच्या अलीकडे, म्हणजे मनगटाच्या बाजूला थांबली पाहिजे, आणि अंगठ्याभोवतीची आयुष्यरेषा मोकळी राहिली पाहिजे (थम्ब स्पायका सोडून). पूर्ण मूठ वळता आली नाही तर ब्रेस लांब आहे. कोपराच्या बाजूला तो फार आखूड असेल तर मनगट त्याच्यावरून सहज वाकतं. चार बोटं रुंदीचा लवचिक पट्टा ऊब देतो, 'जपून' अशी आठवण करून देतो; आधार फारसा नाही.

पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग 2 सेकंदांत परतायला हवा. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढा. कातडीवर उमटलेला लाल वळ 20 मिनिटांत गेला नाही, तर तिथे ब्रेस टोचतोय. घट्ट आवळला म्हणून आधार वाढत नाही. आधार पट्टीतून येतो, आवळण्यातून फक्त सूज आणि मुंग्या.

निओप्रीन (रबरासारखं जाड कापड) मऊ असतं पण घाम कोंडतो, पुरळ येतं. रात्रभर घालायचा असेल तर जाळीदार कापड किंवा आत सुती अस्तर बरं.

कार्पल टनेलसाठी रात्रीचा ब्रेस साधारण 6 आठवडे नेमाने घालून पाहतात. बोटं बधिर राहू लागली, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसू लागला, तर तेवढं थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. दिवसा ताठ ब्रेस घालून टायपिंग करणं टाळावं. मनगट हलेना की तो ताण कोपर आणि खांद्यावर जातो. मुरगळल्यावर घातलेला ब्रेसही दुखणं ओसरेल तसा कमी करत न्या, नाहीतर सांधा आखडतो.

धुताना पट्टी काढा, वेल्क्रो बंद करा, कोमट पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. उघडा वेल्क्रो धाग्यांनी भरतो, मग पकडत नाही. ते धागे जुन्या टूथब्रशने निघतात.