घरात दुभंगलेला ओठ किंवा टाळू असेल, तर पुढच्या बाळाचा धोका कसा काढायचा

आधी दुभंग नेमका कशाचा ते ठरवा. फक्त ओठ, किंवा ओठ आणि टाळू (तोंडाचं आतलं छत) दोन्ही, हा एक गट. ओठ शाबूत आणि फक्त टाळू दुभंगलेली, हा दुसरा. दोन्हींचे आकडे वेगळे आहेत.

मग तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, दुभंग असलेल्याची आकृती भरीव. कोणत्या बाजूचा दुभंग, हृदयाचा दोष, लहानपणी गेलेली मुलं, नात्यातलं लग्न, हेही नोंदवा. चूक होते ती इथेच: सौम्य खुणा सुटतात. खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे, दोन टोकांची पडजीभ, नाकातून येणारा आवाज, मिशीखाली झाकलेला जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण. ‘आमच्याकडे कोणालाच नाही’ हे उत्तर तोंडात टॉर्च मारून पाहिल्याशिवाय धरू नका.

दुभंगाव्यतिरिक्त काहीच दोष नसेल, तर साधारण हिशोब असा. आईवडिलांना दुभंग नाही आणि एका मुलाला ओठाचा आहे: पुढच्या बाळाला सुमारे ४ टक्के. फक्त आई किंवा वडिलांना असेल, तरी जवळपास तेवढाच. दोन मुलांना असेल तर १० टक्क्यांच्या आसपास. आई किंवा वडील आणि एक मूल, तर त्याहून जास्त. पहिल्या मुलाचा दुभंग दोन्ही बाजूंचा असला तरी धोका वाढतो. फक्त टाळूच्या दुभंगात एका मुलानंतर २ ते ३ टक्के. हा आकडा दर गरोदरपणाला नव्याने लागू होतो. एकदा झालं म्हणून पुढचं बाळ सुटलं, असं नसतं.

पण ओठावर ते खड्डे दिसले, किंवा एकाच घरात कोणाचा ओठ आणि कोणाची फक्त टाळू दुभंगलेली असली, तर वरचे आकडे बाजूला ठेवा. व्हॅन डर वूड सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची शक्यता असते. बहुतेकदा त्यामागे आयआरएफ६ जनुकातला बदल असतो आणि तो मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. मात्र बदल उतरलेल्या प्रत्येकाला दुभंग होतोच असं नाही. कोणाला नुसते खड्डेच असतात. टाळूसोबत हृदयाचा दोष असेल, तर २२व्या गुणसूत्रातला तुकडा गळालाय का ते तपासतात. जनुकीय चाचणी आधी दुभंग असलेल्या व्यक्तीची करा; निरोगी माणसापासून सुरुवात केली तर ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थच लागत नाही.

ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. म्हणून फोलिक ॲसिड (रोज ४०० मायक्रोग्रॅम) गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून घ्या. जास्त डोस डॉक्टरांनी सांगितला तरच. सिगारेट दोघांनीही बंद करावी. फिट्सवरची व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट चालू असेल तर ती आधीच बदलून घेता येते का ते विचारा, स्वतःहून थांबवू नका. १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ बहुधा दिसतो, एकटी टाळू मात्र सहज निसटते. जन्मानंतर बाळाचं तोंड बोटाने आणि उजेडात, दोन्हींनी तपासायला सांगा.