जेटीवरची डिझेल मुरलेली माती साफ करताना

पावसाळी बंदीत होड्या ओढून ठेवल्या की इंजिनं उघडली जातात, आणि तेवढ्या दिवसांत जेटीलगतच्या जमिनीत बरंच डिझेल मुरतं. अशा मातीसाठी बाजारात तेल खाणारे जंतू बाटलीत मिळतात. पण जिथे वर्षानुवर्षं तेल सांडतंय तिथे ते खाणारे जंतू बहुधा आधीच वस्तीला असतात. त्यांना कमी पडतात नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि हवा. १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजाचं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा संशोधकांनी गोट्यांवर खत टाकलं आणि काम तिथल्याच जंतूंनी केलं. म्हणून आधी खताचा आणि फावड्याचा हिशेब करा, बाटलीचा नंतर.

तवंग दिसला म्हणजे तेलच असं नाही. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर लोहजंतूंचाही इंद्रधनुषी पापुद्रा येतो. काडी घालून बघा. पापुद्रा काचेसारखा तुटून तुकडे वेगळेच राहिले तर तो लोहाचा, काडीमागे पुन्हा सांधला गेला तर तेलाचा. होडीच्या बुडाच्या रंगाची खरवड आणि बॅटरीची माती या कामात मिसळू नका. त्यातलं तांबं आणि शिसं कुठलाही जंतू संपवू शकत नाही. जळकं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, ते वेगळ्या पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. माती उचलण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. आणि ती कांदळवनाच्या चिखलात कधीच पुरू नका, तिथे हवा नसते, तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं.

दूषित माती पसरून ठेवायचा वाफा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घाला, म्हणजे मिरगाआधी काम आटोपतं. उतरत्या छपराखाली जाड सिलपोलीन (प्लास्टिकची ताडपत्री) अंथरा, कडेने वीतभर बांध घाला. १००० किलो मातीला साधारण तीन चौरस मीटर जागा लागते, थर ३० सेंटीमीटरपेक्षा उंच नको. माती चिकट असेल तर पाच घमेल्यांमागे एक घमेलं भाताचं तूस मिसळा. तूस सावकाश कुजतं, त्यामुळे नत्र फारसा ओढत नाही आणि माती मोकळी राहते. पेंढा घातलात तर तो नत्र पळवतो.

मातीत २ टक्के डिझेल आहे असं धरू, म्हणजे १००० किलोत २० किलो. त्यात कार्बन सुमारे १७ किलो. कार्बन, नत्र, स्फुरद यांचं प्रमाण १०० : १० : १ ठेवायचं तर १.७ किलो नत्र आणि ०.१७ किलो स्फुरद लागतं. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणून युरिया सुमारे ३.७ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट २.४ किलो. हे एकदम ओतलंत तर मातीच्या पाण्यात क्षार इतके वाढतात की जंतूंचंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि काम थांबतं. सहा हप्ते करा: दर पंधरा दिवसांनी सुमारे ६०० ग्रॅम युरिया आणि ४०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, पाण्यात कालवून. वाफ्याला कुंपण हवंच, युरिया गुरांच्या पोटात गेला तर जनावर दगावतं.

जांभ्याची माती आंबट असते. सामू (पीएच) ६ च्या खाली असेल तर चुना थोडाथोडा घालून ७ च्या आसपास आणा, पण युरियाच्या पहिल्या हप्त्याआधी पंधरा दिवस. दोन्ही एकत्र पडले तर नत्र अमोनिया होऊन उडतो; नाकाला झोंबलं की समजा पैसा हवेत गेला.

हवेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. एक किलो डिझेल पूर्ण विघटित व्हायला सुमारे साडेतीन किलो प्राणवायू लागतो. २० किलोला ७० किलो, म्हणजे दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच नऊ खोल्यांतली हवा. म्हणून आठवड्यातून एकदा थर तळापासून उलटा. कुजक्या अंड्यांचा वास आला तर पाणी जास्त झालंय, दोन दिवस पाणी तोडा आणि रोज उलटा. ओल मुठीत तपासा: गोळा झाला पाहिजे, बोटांतून थेंब गळता कामा नये. चैत्रातल्या वाऱ्यात वरचा थर दुपारपर्यंत कोरडा पडतो, तेव्हा गोड्या पाण्याचा शिडकावा संध्याकाळी द्या.

खरी फसगत मोजणीत होते. डिझेलचा हलका भाग नुसत्या उन्हाने उडतो आणि त्याचं श्रेय जंतूंना जातं. महाविद्यालयाची प्रयोगशाळा जवळ असेल तर शेजारची स्वच्छ माती दोन-दोन किलोच्या डब्यांत भरा, प्रत्येक प्रकारचे तीन डबे. पहिला प्रकार: माती लागोपाठ तीन दिवस रोज एक तास १२१ अंशांवर निर्जंतुक करून, गार झाल्यावर ४० ग्रॅम डिझेल. दूषित माती तशीच तापवू नका, डिझेलच निघून जाईल. दुसरा: न तापवलेली माती, तेवढंच डिझेल, वर जेटीवरची १०० ग्रॅम जुनी माती. तिसरा: दुसऱ्यासारखाच, शिवाय दर पंधरा दिवसांच्या हप्त्याला १.२ ग्रॅम युरिया आणि ०.८ ग्रॅम सुपर फॉस्फेट. चौथा: तिसऱ्यासारखाच, शिवाय बाटलीतले जंतू. तोंडाला कापूस लावा. पहिल्या प्रकारात डिझेलची जेवढी घट होते ती हवेत उडाल्याची, तेवढी बाकीच्यांतून वजा करा. तिसरा आणि चौथा सारखेच निघाले तर बाटलीचा खर्च वाया.

दर महिन्याला वाफ्याच्या पाच जागांची माती एकत्र करून नमुना घ्या. त्यातले १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेटमध्ये कोरडे करून हेक्झेनने तेल काढतात आणि वजन करतात. हेक्झेन पेट घेतं, उघडी ज्योत जवळ नको. वाफ्यात शेण घातलं असेल तर अर्क सिलिका जेलमधून गाळा, नाहीतर शेणातले स्निग्ध पदार्थही तेल म्हणून मोजले जातात. वजनाच्या पद्धतीत हलकं डिझेल सुकवतानाच उडतं. शक्य असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) करून घ्या.

आकडा एका पातळीवर अडकला की उरलेला भाग जड तेलाचा असतो, तो फार हळू जातो. तेव्हा मूग लावून बघा: स्वच्छ मातीत २० दाणे, वाफ्यातल्या मातीत २०, ओल सारखी. पाच दिवसांनी मोड मोजा आणि मुळांची लांबी मापा. वाफ्यातली मुळं आखूड, तपकिरी टोकांची निघाली तर माती अजून तयार नाही, उलटणं चालू ठेवा. मूग चांगला आला तरी ही माती परसातल्या भाजीला घालू नका. मंडळाच्या परवानगीने ती जेटीलगतच्या भरावाला वापरा.