टेपनं मोजलेला रस्ता: गल्लीच्या रस्त्याचं आणि फुटपाथचं एस्टिमेट करताना या चुका टाळा

गल्लीचा रस्ता करायचा ठरला की पहिल्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन येतात. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. लांबी ४०० मीटर, रुंदी ६ मीटर, झाले २,४०० चौरस मीटर. त्याला दरसूचीतला दर लावला की एस्टिमेट तयार. सोलापुरात बरीच वर्षं मी अशी अंदाजपत्रकं करतोय आणि दुसऱ्यांनी केलेली तपासतोय. बिघडलेले जे रस्ते पाहिले, त्यांतले बरेचसे त्या टेपच्या दिवशीच बिघडले होते. टेप लांबी-रुंदी सांगते. उंची आणि खोली सांगत नाही.

उंबरा खाली, रस्ता वर

पूर्व भागातल्या एका गल्लीत काम पाहायला गेलो होतो. काँक्रीट नुकतंच झालेलं, दिसायला झकास. एका अण्णांनी दारात बोलावलं आणि म्हणाले, "मालक, रस्ता नवा झाला, आमचं घर मात्र तळघर झालं बगा." खरंच होतं. आधी दोन-तीनदा डांबराचे थर चढले होते, त्यावर आता २०० मिलिमीटरचं काँक्रीट. आत जायला एक पायरी खाली उतरावं लागत होतं. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून गटाराला आणि उताराला कशाला पैसे, असा युक्तिवाद मी बैठकांमधून कितीदा तरी ऐकलाय. पाऊस वर्षाला कमी असेल, पण सप्टेंबरात येतो तेव्हा तासाभरात गल्लीचा ओढा होतो. त्या वर्षी अण्णांच्या मागावरचा अर्धा विणलेला टॉवेल भिजला.

उपाय स्वस्त आहे. टेपसोबत ऑटो लेव्हल (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण) न्या. दर १० मीटरला रस्त्याचा मध्य, दोन्ही कडा, गटाराचा तळ आणि प्रत्येक घराचं जोतं, एवढ्या लेव्हली घ्या. ४०० मीटरच्या गल्लीला एक दिवस पुरतो. मग सगळ्यात खालच्या जोत्यापासून उलटं मोजत यायचं: रस्त्याची कड त्याच्या वीतभर तरी खाली हवी, मध्याकडे काँक्रीटला २ टक्के म्हणजे मीटरमागे २० मिलिमीटर चढ, डांबराला थोडा जास्त. हे बसत नसेल तर जुना रस्ता खोदून काढणं हा एस्टिमेटमधला पहिला आयटम होतो. तो वगळला की अंदाजपत्रक गोंडस दिसतं आणि गल्ली बुडते. गटाराची लेव्हलही तेव्हाच बघा, कारण पुढच्या चौकातलं गटार तुमच्या गटारापेक्षा उंच असेल तर तुमचं कितीही छान बांधलं तरी पाणी तुमच्याच दारात थांबणार.

खाली माती कसली आहे?

सोलापूरची जमीन मोठी लबाड आहे. एका टोकाला हातभर खाली मुरूम, खडक लागतो, आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला छातीएवढ्या खोलीपर्यंत काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात तशा रस्त्याखालीही पडतात. भिजवून तपासला तर तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद सांगणारा आकडा, २ ते ४ टक्क्यांच्या आसपास येतो. रस्ता बांधायला हा पाया फारच कच्चा.

म्हणून दर १०० मीटरला, कडेला एक आणि मध्ये एक, असा चाचणी खड्डा घ्या. मातीचे नमुने प्रयोगशाळेत द्या आणि सीबीआर चार दिवस भिजवूनच काढायला सांगा. कोरड्या मातीचा आकडा सुखावतो, पण खोटा असतो. फ्री स्वेल, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते, ५० टक्क्यांच्या वर गेलं तर ती माती भरावात वापरायची नाही. मग दोन वाटा. ती काढून मुरूम भरायचा, किंवा ३ ते ५ टक्के चुना मिसळून तिला ताळ्यावर आणायचं. सुरुवातीच्या ४०० बाय ६ मीटरच्या गल्लीचाच हिशेब करा. अर्धा मीटर खोदाई म्हणजे १,२०० घनमीटर माती, आणि माती मोकळी झाली की फुगते, म्हणजे हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) शंभरेक खेपा. ती टाकायची कुठे, किती किलोमीटरवर? लीडचा, म्हणजे वाहतुकीचा, दर अंतराप्रमाणे वाढतो. बरेच जण एस्टिमेटमध्ये '५ किलोमीटर' लिहून मोकळे होतात, मग माती रात्रीत कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर पडते.

दबाईचंही तेच. मुरूम एकदम फूटभर ओतून वर रोलर फिरवला तर वरचा थर दाबला जातो, खालचा तसाच राहतो. वीत-दीड वीत थर, पाणी, रोलर, चाचणी आणि मग पुढचा थर, असंच जायचं. बिलाबरोबर घनतेचे अहवाल मागा.

पाणी सुटण्याच्या दिवशी गल्लीत जा

ही चूक खास आपल्या शहराची. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. पाणी नसलेल्या दिवशी पाहणी केली की गल्ली कोरडी ठणठणीत, पाइप कुठे गळतोय ते कळतच नाही. पाणी सुटायच्या दिवशी, सुटायच्या वेळेला गल्लीत उभं राहा. कुठे फेरूलपाशी (मुख्य पाइपवरच्या नळजोडाच्या तोंडाशी) झरा आहे, कुठल्या वॉल्व्हच्या चेंबरमध्ये डबकं साचतं, कुठला जुना नळजोड गंजलाय, सगळं डोळ्यांनी दिसतं. त्या दिवसाची यादी म्हणजे एस्टिमेटचा एक अख्खा भाग.

नळजोड बदलायचे असतील तर काँक्रीटच्या आधी. ड्रेनेजचे घरगुती जोड, तेही आधी. शिवाय रस्त्याला आडवे रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, चौकात दोन आणि मध्ये थोड्या-थोड्या अंतराने एक. उद्या केबल येईल, गॅस येईल, कुणाचा नवा नळ येईल. त्यांनी या पाइपातून जावं. नाहीतर तिसऱ्या महिन्यात ब्रेकर येतो. त्या फोडलेल्या पट्टीवर पुन्हा काँक्रीट टाकलं तरी ती सांध्याच्या रेषेत कधीच बसत नाही.

महावितरणचे पोल आणि डीपी सरकवायचे तर पैसे आगाऊ भरावे लागतात आणि तारीख त्यांची असते. रस्त्याचा ठेकेदार महिनाभर पोलभोवती वळसे घालून काम करतोय, हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल.

तरतूद एक कोटीची, रस्ता किती कोटीचा?

'आमच्या प्रभागाला एक कोटी मंजूर' असा फलक लागतो. त्यातून जीएसटी वजा करा. महापालिकांच्या बांधकाम ठेक्यांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. एका कोटीत तो धरला की कामाला साधारण पावणेपंच्याऐंशी लाख उरतात. बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर, चाचण्या, विमा, आकस्मिक खर्च, पोल, नळजोड. हे सगळं आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत किती मीटर होतं ते बघा. लांबी आधी ठरवली की नंतर पैसे पुरवण्यासाठी जाडी कमी केली जाते. २०० मिलिमीटरचं १५० होतं, वर कुणालाच दिसत नाही. माझं मत विचाराल तर २५० मीटर नीट करा, उरलेले १५० पुढच्या वर्षी. हे नगरसेवकाला पटवणं अवघड आहे, मान्य. राहिलेल्या १५० मीटरवरचे मतदार त्याच्याच दारात येतात.

दोन गोष्टी आणखी बघा. एस्टिमेट जुन्या दरसूचीवर केलेलं असेल आणि निविदा वर्षभराने निघाली, तर दर अंगावर येतात. आणि कुणी २०-२५ टक्के कमी दराने निविदा भरली तर आनंदून जाऊ नका. दराचं विश्लेषण लेखी मागा. खडी, सिमेंट, डिझेल सगळ्यांना त्याच भावात मिळतं.

फुटपाथ म्हणजे उरलेली जागा नव्हे

रस्ता काढून राहिली ती जागा फुटपाथ, असं गणित आपण करतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे चालायला अडथळ्याशिवाय किमान १.८ मीटर हवेत आणि कर्ब (फुटपाथच्या कडेचा दगड) १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे फूटभर उंच कर्ब करतात, मग आजोबा रस्त्यावरूनच चालतात. जिथे लोक रस्ता ओलांडतात तिथे १ ला १२ असा उतार ठेवा. चालायला ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक चालतात, पण जिथून गाडी आत जाते तिथे ८० मिलिमीटर आणि खाली पक्का पाया. एकाच जाडीचे पेव्हर सगळीकडे टाकले की दुकानासमोर वर्षात खड्डा. झाडाच्या बुंध्याला पेव्हरने गळफास लावू नका, मीटरभर चौकोन मोकळा सोडा. एवढं पुरे.

कॅलेंडर बघून कार्यादेश द्या

मार्चमध्ये निधी संपवायची घाई, एप्रिलमध्ये काम सुरू, आणि बाहेर ४० अंशांच्या वर ऊन. काँक्रीट ओतताना मिश्रणाचं तापमान ३० अंशांच्या आत हवं. दुपारी एक वाजता ते कसं होणार? संध्याकाळी ओता, लगेच ओलं गोणपाट टाका. क्युरिंगला किमान १४ दिवस पाणी लागतं, आणि नळाला पाणी रोज नाही, म्हणजे टँकर एस्टिमेटमध्ये लिहिलेला हवा. तो नसतो. मग ठेकेदार दोन दिवस पाणी मारतो आणि तिसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वजांच्या मार्गावरचा रस्ता त्या काळात खोदलेला असणं सोलापूरकर सहन करणार नाहीत, आणि करूही नये. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. त्या मार्गांवर कार्यादेश देताना शेवटची तारीख सणाच्या किमान महिनाभर आधीची घाला, कारण काँक्रीटवर जड वाहनं सोडायला २८ दिवस थांबायचं असतं. यंत्रमागाच्या गल्ल्यांत आणखी एक अडचण: सुताचे गठ्ठे आणणारा टेम्पो कुठून येणार हे ठरल्याशिवाय रस्ता बंद केला, तर माग थांबतात आणि मग पहिली बाचाबाची जेईशी (कनिष्ठ अभियंत्याशी) होते.

काम झालं आणि असं दिसलं तर

काँक्रीट दुसऱ्या दिवशीच आडवं तडकलं असेल, तर बहुतेक वेळा सांधे कापायला उशीर झालेला असतो. उन्हाळ्यात ओतल्यापासून सहा-आठ तासांत, साधारण ४ मीटरच्या अंतराने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत कट जायला हवा. म्हणजे कटरवाला रात्री जागा हवा. सकाळी नऊला चहा पिऊन आलेला कटरवाला तडा गेल्यानंतर येतो.

कडेला रस्त्याच्या लांबीने भेग गेली असेल, तर काळी माती कडेनं सुकून आकसलीय. नुसतं डांबर ओतून ती बंद होत नाही; कडेची मोकळी पट्टी फरसबंद करून पाणी आत जाणं थांबवावं लागतं.

पेव्हर एका सरळ रेषेत खचले असतील तर खाली केबलची चर आहे आणि ती दाबलेली नाही. तेवढेच पेव्हर काढा, चर थरांनी दाबा, तेच पेव्हर परत बसवा. यासाठी एस्टिमेटमध्ये २-३ टक्के जादा पेव्हर धरून ते झोन कार्यालयात ठेवायला सांगा, त्या रंगाचे दोन वर्षांनी मिळत नाहीत.

काँक्रीटचा पृष्ठभाग पिठासारखा झडत असेल तर कोअर, म्हणजे ड्रिलने कापून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढायला लावा. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी, आणि कुठलाच ७५ टक्क्यांच्या खाली नको. खाली गेला तर तो तुकडा तोडून पुन्हा करायचा. वरून सिमेंटचं पाणी फासणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची मुदत, कधी संपतो ती तारीख गल्लीच्या फलकावर रंगवून घ्या आणि संपायच्या दोन महिने आधी सगळे तडे मोजून लेखी द्या.

आणि एक विसरू नका: मंडपाचे खांब. नव्या काँक्रीटवर पहिल्याच गणपतीत पहारीने भोकं पडतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच बोलावून खांबांच्या जागा खडूने आखून घ्या आणि तिथे झाकणाचे पाइप बसवा. एका गल्लीत आम्ही असे बारा पाइप बसवले. त्या वर्षी मंडळानं मंडप चार फूट पुढे सरकवला.