ब्रेकचा लाल दिवा: ऑइल कमी, पण गळती नाही

सायनच्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला की गाडीच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा लागायचा, सपाटीला आलं की विझायचा. हँडब्रेक पूर्ण खाली होता. बॉनेट उघडलं तर डबीतलं ब्रेक ऑइल 'मिन'च्या, म्हणजे किमान पातळीच्या रेषेवर. उतारावर ते पुढे सरकतं, डबीतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा तुकडा) खाली बसतो आणि दिवा लागतो.

गॅरेजवाला म्हणाला, "ऑइल टाकून देतो." मी म्हटलं, आधी चाक काढ! चारही चाकांच्या आतून कोरडं, पण पुढचे ब्रेक पॅड झिजून जेमतेम दोन मिलिमीटर. पॅड झिजले की त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर सरकतो, मागची जागा ऑइल भरतं.

नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलले, डबीतली पातळी आपोआप वर आली. आधीच ऑइल ओतलं असतं तर उतू जाऊन त्याने गाडीचा रंग खाल्ला असता.