पॉवर्ड स्पीकरमधला ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना या चुका टाळा

पॉवर्ड स्पीकर मुका झाला की दुरुस्तीला बसलेल्याचे लक्ष सर्वप्रथम आउटपुटच्या आयसीकडे किंवा ट्रान्झिस्टरकडे जाते. ते भाग ठळक दिसतात, हीटसिंकला लागलेले असतात आणि सहज मिळतात, त्यामुळे तेच बदलून पाहण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात अशा स्पीकरच्या मागच्या एकाच पत्र्यावर वीजपुरवठा, इनपुटचा प्रीॲम्प, खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर आणि वूफर (खालच्या सुरांचा) व ट्वीटर (वरच्या सुरांचा) यांच्यासाठीचे दोन स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर दाटीवाटीने बसवलेले असतात, आणि ही सगळी जुळणी वूफरच्या धक्क्यांत आणि स्वतःच्या उष्णतेत वर्षानुवर्षे काम करते. त्यामुळे बिघाडाचे मूळ आउटपुटपासून बरेच दूर असू शकते. पुढील चुकांपैकी बहुतेक चुका मोजण्याआधी भाग बदलण्याच्या घाईतून होतात.

ड्रायव्हर न तपासता बोर्ड काढणे

मागचा पत्रा सैल केल्यावर वूफर आणि ट्वीटरच्या तारा सुट्या कराव्यात आणि दोन्ही ड्रायव्हरचा रोध मल्टीमीटरवर पाहावा. ८ ओहम लिहिलेला ड्रायव्हर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो आणि ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास दाखवतो, कारण छापलेला आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे ऑडिओ सिग्नलला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा असतो आणि मीटर फक्त डीसी रोध मोजतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटलेली आहे, आणि एक ओहमच्या खाली दाखवले तर ती जळून वळणे एकमेकांना चिकटली आहेत. रोध बरोबर आला तरी वूफरचा कोन दोन्ही हातांनी समान दाब देऊन हलकेच आत ढकलून पाहावा. खरखर जाणवली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासत आहे, आणि ऐकू येणारी विकृती ॲम्प्लिफायरची नाही.

तारा काढण्यापूर्वी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. ट्वीटरच्या तारेत एखादा कपॅसिटर मालिकेत जोडलेला असतो, तो ट्वीटरला डीसीपासून वाचवण्यासाठी असतो. तो अडगळ वाटून वगळणारेही भेटतात.

फ्यूज बदलत राहणे

उडालेला फ्यूज पुष्कळ काही सांगतो. काचेत तार नुसती मध्येच तुटलेली दिसत असेल तर फ्यूज जुना होऊन थकला असण्याची शक्यता असते. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी पूर्ण शॉर्ट आहे, आणि दुसरा फ्यूज लावून उपयोग नाही, कारण तोही क्षणात उडेल. मोठ्या रेटिंगचा फ्यूज किंवा तार लावणे ही याहून वाईट चूक आहे, कारण मग फ्यूजऐवजी बोर्डावरचा तांब्याचा पट्टा जळतो. फ्यूजवरच्या ‘टी’ आणि ‘एफ’ या खुणांकडेही लक्ष द्यावे. ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा. त्याच्या जागी ‘एफ’ लावला तर सुरुवातीला कपॅसिटर भरताना येणाऱ्या करंटनेच तो उडतो आणि नसलेला दोष शोधण्यात वेळ जातो.

फ्यूज उडाला असेल तर सप्लायच्या सुरुवातीच्या भागातील चार गोष्टी वीज न जोडता तपासाव्यात: व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग), ब्रिज रेक्टिफायरचे डायोड, मुख्य कपॅसिटर आणि स्विचिंग मॉसफेट. व्होल्टेज निवडण्याचा स्विच असलेल्या स्पीकरमध्ये तो चुकून ११५ वर राहिला आणि २३० व्होल्ट दिले, तर व्हॅरिस्टर आणि मुख्य कपॅसिटर हेच पहिले बळी ठरतात.

यानंतर पहिल्यांदा वीज जोडताना मालिकेत ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा बल्ब लावावा. एलईडी बल्ब येथे चालत नाही, कारण गरम झाल्यावर रोध वाढण्याचा गुण फक्त तंतूत असतो. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर लगेच वीज बंद करावी. बल्ब सारखा कमी-जास्त होत राहिला, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. मोठ्या स्विचिंग सप्लायला बल्बमधून पुरेसा करंट मिळत नाही आणि तो सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद होतो. अशा वेळी ॲम्प्लिफायरचा भार सुटा करून पाहावे किंवा मोठ्या वॅटचा बल्ब लावावा. व्हॅरिॲकने हळूहळू व्होल्टेज वाढवण्याची पद्धत ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला योग्य आहे, स्विचिंग सप्लायला नाही, कारण कमी व्होल्टेजवर तो तेवढीच शक्ती काढण्यासाठी जास्त करंट ओढू पाहतो.

बंद पडलेल्या सप्लायला निरुपद्रवी समजणे

२३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय झाल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात. सप्लाय चालू असेल तर प्लग काढल्यावर हा साठा काही क्षणांत वापरला जातो. सप्लाय मेलेला असेल तर तो वापरणारेच कोणी उरत नाही, म्हणून बंद पडलेला बोर्डच जास्त धोक्याचा असतो. स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरचे पाय जोडून ठिणगी काढण्याची सवय मोडावी. त्याने कपॅसिटर, तांब्याचे पट्टे आणि कधी डोळेही दुखावतात. दोन ते पाच किलोओहमचा, ५ ते १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या तारांना जोडून १५-२० सेकंद लावावा, आणि नंतर मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करावी. ही खात्री प्रत्येक वेळी, बोर्डाला हात लावण्यापूर्वी, पुन्हा करावी.

मोजमापाचा संदर्भबिंदू चुकणे हीदेखील येथलीच चूक आहे. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचा, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या बाजूचा भाग मोजताना मीटरचे काळे टोक मुख्य कपॅसिटरच्या ऋण टोकावर आणि पलीकडचा भाग मोजताना ऑडिओच्या ग्राउंडवर हवे. यांची गल्लत झाली की मीटर काहीतरी आकडा दाखवतो, पण त्याला अर्थ नसतो. ऑसिलोस्कोपच्या बाबतीत प्रकरण आकड्यावर थांबत नाही. त्याची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असल्याने ती अलीकडच्या भागाला लावताच मोठा शॉर्ट होतो. स्पीकरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून वीज दिल्याशिवाय त्या भागाकडे ऑसिलोस्कोप नेऊ नये.

टिकटिक ऐकून चुकीच्या भागाला हात घालणे

दिवा मिणमिणतो, आतून बारीक टिकटिक येते आणि आवाज काहीच नाही, ही तक्रार फार सामान्य आहे. तिची दोन परस्परविरुद्ध कारणे असू शकतात. पहिले, ॲम्प्लिफायरमध्ये शॉर्ट आहे आणि सप्लाय स्वतःचे रक्षण करत पुन्हा पुन्हा बंद होत आहे. दुसरे, सप्लायचाच नियंत्रक आयसी नीट सुरू होत नाही. यूसी ३८४२ सारखा आयसी सुमारे १६ व्होल्टला जागा होतो आणि १० व्होल्टच्या खाली गेला की बंद पडतो. त्याच्या पायाशी असलेला छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तो जागा झाल्यापासून ट्रान्सफॉर्मरच्या सहायक वळणातून वीज येईपर्यंत त्याला धरून ठेवतो. वाळलेला कपॅसिटर हे करू शकत नाही, व्होल्टेज १० च्या खाली घसरते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. वीस-तीस मायक्रोफॅरडच्या या किरकोळ भागासाठी ॲम्प्लिफायरचा अख्खा संच बदलला जाताना दिसतो.

फरक ओळखायला सप्लायकडून ॲम्प्लिफायरकडे जाणारा कनेक्टर काढावा. टिकटिक थांबून रेलची (सप्लायकडून ॲम्प्लिफायरला वीज देणाऱ्या मार्गांची) व्होल्टेज स्थिर झाली तर दोष पुढे आहे, चालू राहिली तर सप्लायमध्ये आहे. दोन्ही एकाच बोर्डावर असतील तर रेलच्या मार्गातील जंपर किंवा फ्यूज सुटा करावा.

कपॅसिटर फुगलेला दिसत नाही म्हणून तो चांगला आहे, असे मानू नये. कपॅसिटन्स बरोबर दाखवणाऱ्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढलेला असू शकतो, आणि स्विचिंग सप्लायमध्ये तोच घात करतो. हा अंतर्गत रोध म्हणजे ईएसआर, आणि तो मोजायला ईएसआर मीटर लागतो. बदलताना १०५ अंश सेल्सिअसचा, कमी ईएसआरचा कपॅसिटर घ्यावा.

तपकिरी गोंदाकडे दुर्लक्ष करणे

अनेक बोर्डांवर मोठे कपॅसिटर आणि कॉइल हलू नयेत म्हणून पिवळसर गोंद लावलेला असतो. उष्णतेने त्यातील एक जात वर्षांनंतर तपकिरी आणि ठिसूळ होते, आणि मग ती इन्सुलेटर राहत नाही. ती किंचित वीजवाहक बनते आणि खालच्या पायांना गंज चढवते. अशा गोंदाखाली बारीक रेझिस्टरचे पाय हिरवट-काळे झालेले दिसतात आणि डायोडचा पाय नुसता टोकरला तरी तुटून हातात येतो. लक्षणेही फसवी असतात: गरम झाल्यावर येणारा खरखराट, कधी सुरू तर कधी बंद, रेलमध्ये विनाकारण चढउतार. प्लास्टिकच्या किंवा लाकडी पातीने हा गोंद खरवडून काढावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी आणि गंजलेले भाग न मोजताच बदलावेत. मोजण्याआधी बदलू नये या नियमाला मी हा एवढा अपवाद मानतो.

त्याच वेळी भिंग घेऊन सोल्डरचे डाग पाहावेत. ट्रान्सफॉर्मर, मोठ्या कॉइल, इनपुटचे सॉकेट आणि व्होल्टेज उतरवणारे गरम रेझिस्टर यांच्या पायांभोवती केसासारखी गोल चीर दिसली तर तो डाग सुटलेला आहे. त्यावर नुसते सोल्डरिंग आयर्नचे टोक टेकवू नये. जुने सोल्डर ओढून काढून नवे लावावे.

शांतता म्हणजे आयसी जळणे, हा समज

रेल बरोबर आहेत, काही तापत नाही, तरी आवाज नाही. अशा वेळी आयसी बदलण्यापूर्वी म्यूट आणि स्टँडबायच्या पायांची व्होल्टेज पाहावी. टीडीए ७२९४ मध्ये ९ वा पाय स्टँडबायचा आणि १० वा म्यूटचा आहे. दोन्हींवर साडेतीन व्होल्टपेक्षा जास्त असल्याशिवाय ती आयसी बोलत नाही. संरक्षणाचा एखादा ट्रान्झिस्टर किंवा तापमान मोजणारा थर्मिस्टर बिघडून हे पाय खाली ओढले गेले असतील, तर नवी आयसीही तितकीच मुकी राहील. तसेच टीएल ०७२ सारख्या ऑप-ॲम्पना लागणारे अधिक-उणे १५ व्होल्ट दोन्ही बाजूंनी येतात का, हे पाहावे. एक बाजू गेली तर आवाज फाटतो किंवा आउटपुटवर डीसी येतो, आणि दोष पॉवर ॲम्प्लिफायरच्या माथी मारला जातो.

अर्धाच संच बदलणे

सप्लायचा मॉसफेट शॉर्ट झाला की मोठे व्होल्टेज त्याच्या गेटमधून मागे जाते. त्यामुळे गेटचा रेझिस्टर, नियंत्रक आयसी आणि सोर्समधला एक ओहमच्या आतला करंट मोजणारा रेझिस्टर हेही तपासल्याशिवाय नवा मॉसफेट लावू नये, नाहीतर तो वीज देताक्षणी जातो. सुट्या ट्रान्झिस्टरांच्या आउटपुटमध्ये एक गेला असेल तर जोडीतला दुसरा, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटरचे रेझिस्टर पाहावेत. भाग खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत, कारण पॉवर आयसी आणि ट्रान्झिस्टरांत नकली माल खूप आहे.

बसवतानाचा एक तपशील महागात पडतो. टीडीए ७२९४ ची धातूची पाठ आतून ऋण रेलला जोडलेली असते आणि हीटसिंक ग्राउंडला असतो. मधले अभ्रक किंवा सिलिकॉनची पट्टी फाटली किंवा विसरली, की सुरू करताच ऋण रेल शॉर्ट होतो. स्क्रू आवळल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटरने जोड नसल्याची खात्री करावी. थर्मल पेस्ट पातळ थरात लावावी. जाड थर उष्णता अडवतो.

ड्रायव्हर जोडून पहिली चाचणी घेणे

पहिली चाचणी ड्रायव्हर सुटे ठेवून घ्यावी आणि आउटपुटवरचा डीसी मोजावा. काही दशक मिलिव्होल्ट चालतात, पण व्होल्टमध्ये आकडा आला तर ड्रायव्हर जोडू नये. येथे एक सापळा आहे. क्लास-डीच्या (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्प्लिफायरमध्ये ब्रिज केलेल्या, म्हणजे ड्रायव्हरची दोन्ही टोके चालवणाऱ्या आणि एकाच रेलवरच्या आउटपुटवर ग्राउंडच्या तुलनेत सप्लायच्या निम्मे व्होल्टेज नेहमीच असते. ते पाहून चांगली आयसी बदलली जाते. अशा ठिकाणी मोजमाप आउटपुटच्या दोन टोकांमध्येच घ्यावे, आणि यातले एकही टोक ग्राउंड समजून ऑसिलोस्कोपची क्लिप लावू नये. नंतर ८ ओहमच्या मोठ्या वॅटच्या रेझिस्टरवर काही वेळ चालवून मगच ड्रायव्हर जोडावेत.

घरघर राहिली असेल तर तिची वारंवारता ओळखावी. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ५० ची घरघर बहुधा केबल किंवा ग्राउंडची असते, तर १०० ची घरघर ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवते. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापणे हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

पत्रा कसाबसा लावून टाकणे

पत्र्याभोवतीची फोमची किंवा रबरची पट्टी हवा अडवण्यासाठी असते. ती तुटली असेल तर नवी लावावी, नाहीतर खालच्या सुरांवर फटीतून फुसफुस ऐकू येते आणि ती लोक विकृती समजतात. आतल्या तारा कोनला किंवा पत्र्याला आपटणार नाहीत अशा बांधाव्यात. शेवटी वूफर आणि ट्वीटरच्या तारांचे अधिक-उणे फोटोशी ताडून पाहावे, कारण एकाच्या तारा उलट लागल्या तर दोन्ही वाजतात, पण क्रॉसओव्हरच्या आसपासचे सूर खचतात आणि गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो.