घरातल्या किरकोळ मारहाणीचा खटला : दोषसिद्धी कशी टळते

भावाभावांच्या भांडणात हात उगारला गेला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली खटला उभा राहिला, तर पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल आहे’ म्हणून दंड भरून मोकळे होण्याची घाई कृपया करू नये, कारण दंडावर सुटका झाली तरी ती दोषसिद्धीच असते. आधी वकिलांना आरोपपत्र दाखवावे.

हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. ज्याला मार लागला त्याने स्वखुशीने संमती दिली आणि दोघांच्या सह्यांची पुरसीस (तडजोड झाल्याचे लेखी निवेदन) न्यायालयात दाखल झाली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच ठरतो. संमतीसाठी आईकरवी गळ घालणे किंवा धमकावणे मात्र सर्वथा गैर आहे. त्याने जामीनही धोक्यात येतो.

कोयत्यासारखे हत्यार वापरले असेल किंवा पत्नीच्या छळाचे कलम ८५ लागले असेल, तर हा मार्ग बंद असतो.

तडजोड झाली नाही आणि गुन्हा सिद्ध झाला, तर शिक्षेऐवजी १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती वकिलांमार्फत करावी. दोषसिद्धी पुसली जात नाही, परंतु तिच्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता याच कायद्याच्या कलम १२ मुळे टळते.