गावात बचत गट सुरू करताय? मग आरोग्य, शाळा आणि पैसा एकाच सतरंजीवर घ्या

गावासाठी काहीतरी करायचंय म्हणून फोन येतात, आणि बहुतेक जणी विचारतात की आधी आरोग्य शिबिर घेऊ, मुलांची शिकवणी लावू का शिलाई मशीन आणू. मी सांगते यातलं काहीच आधी आणू नका. दहा-बारा बायका आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एका सतरंजीवर बसतील एवढं आधी जमवा, बाकीचं सगळं तिथंच निघतं. मी मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीच्या गावांत हे काम करते त्यामुळं उदाहरणं इथलीच आहेत.

आमच्या शेजारी जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले, ते दवाखाना चालवायला आले होते पण लोकांची पहिली गरज निघाली पाणी आणि पोटाला अन्न, मग त्यांनी आधी त्याला हात घातला. आणि पुढं गावातल्याच बायकांना, ज्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, त्यांना शिकवून गावाच्या आरोग्याचं काम त्यांच्याच हातात दिलं. म्हणून पहिल्या बैठकीत भाषण नको, फक्त विचारा की बाई तुझी सगळ्यात मोठी नड काय. आमच्याकडं दहापैकी आठ जणी सांगतात, अडीनडीला हातात पैसा नसतो.

तर गट 10 ते 20 जणींचा करा, मला विचाराल तर 12 बऱ्या. शक्यतो एकाच वस्तीवरच्या घ्या, एका घरातून एकच बाई, सासू-सून एका गटात नको कारण सासूपुढं सून तोंड उघडत नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडा पण सरपंचाची बायको आहे म्हणून अध्यक्ष असं करू नका. पंचायत समितीत उमेदचं, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाचं ऑफिस असतं तिथं गटाची नोंद करा, म्हणजे पुढं फिरता निधी (आपसात कर्ज द्यायला मिळणारी रक्कम), ग्रामसंघ (गावातल्या गटांचा मिळून संघ), ट्रेनिंग हे सगळं मिळायची वाट मोकळी होते.

बचत झेपेल तेवढीच ठेवा. समजा आठवड्याला 25 रुपये, 12 जणींचे 300, म्हणजे सहा महिन्यांत 7,800 रुपये जमतात. पण पैसे नुसते बँकेत कुजवू नका, महिन्या-दोन महिन्यांतच आपसात कर्ज द्यायला लागा. 3,000 रुपये महिन्याला शेकडा दोन व्याजानं घेतले आणि महिन्याला 500 मुद्दल फेडलं तर व्याज 60, 50, 40 असं उतरत जातं आणि सहा महिन्यांत सगळं मिळून 210 रुपये होतं. तेच सावकाराकडून शेकडा पाचनं घेतले आणि मुद्दल फिटलं नाही तर सहा महिन्यांत नुसतं व्याज 900. हा हिशोब पहिल्या बैठकीत खडूनं फरशीवर मांडून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतो कारण सावकाराचं व्याज त्यांनी भरलेलं असतं.

आता रजिस्टर. इथं कंटाळा केला की गट फुटलाच समजा. आमचा एक गट असाच फुटला, सचिव बाई रजिस्टर घरी नेऊन रात्री लिहायची, तिच्या मनात काही वाईट नव्हतं पण दोन जणींचे हप्ते लिहायचे राहिले आणि त्यातल्या एकीला सही येत नव्हती, अंगठा होता, तिनं पैसे दिल्याचं सिद्ध करायला काहीच नव्हतं. भरलेले पैसे तिला परत भरावे लागले आणि ती त्यानंतर आली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं कारण मी त्या बैठकीला होते आणि रजिस्टर उघडायला सांगितलं नाही. तेव्हापासून माझा नियम, पैसा सतरंजीवर मोजायचा, तिथंच रजिस्टरला आणि तिच्या पासबुकात लिहायचं आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचा. लिहायला कोणी नसेल तर आठवी-नववीतल्या मुलीला बसवा, तिचं गणित पक्कं होतं आणि आईला मुलीच्या शिक्षणाची किंमत डोळ्यांनी दिसते.

बँकेत खातं उघडताना एका शाखेनं आमच्या गटाला तीन चकरा मारायला लावल्या, सगळ्या जणींचे कागद आणा म्हणून. मजुरी बुडवून बायका जात होत्या. नियम असा आहे की गटाचं बचत खातं उघडायला पदाधिकाऱ्यांचंच केवायसी पुरतं, हे ठामपणे सांगा आणि गटाचा ठराव सोबत न्या. बैठका, बचत, परतफेड सहा महिने नीट चालली की बँकेचं कर्ज मागा, गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही.

पैशाचं आटपलं की उठायच्या आधी पंधरा मिनिटं तब्येतीची. महिन्यातून एका बैठकीला आशाताईला बोलवा, जमलं तर उपकेंद्रातल्या सिस्टरला, आणि सगळ्यांचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आमच्याकडं एक बाई म्हणायची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना धाप लागते, वयामुळं असेल. वय पस्तीस. सिस्टरनं बोट टोचलं तर 7.8 निघालं, बाईचं बारा तरी पाहिजे. 8 च्या खाली असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर ठेवू नका, डॉक्टरकडं न्या. गोळी चालू झाली की ती चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे दर बैठकीला सांगा, कारण गोळ्या डब्यात तशाच पडून राहतात.

आणि पिशवी, म्हणजे गर्भाशय काढायचं. यावर मी जरा जास्तच बोलते. 2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं तीच, पाळीमुळं कामात खाडा नको, अंगावरून जातं, कॅन्सर होईल अशी भीती, आणि ऑपरेशनला मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे. गटात एकच ठरवून घ्या, कुणी कितीही घाई करू दे, ऑपरेशनचं नाव निघालं की आधी सतरंजीवर सांगायचं, मग दोघी जणी तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जाऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवतील आणि तोपर्यंत पैसे भरायचे नाहीत.

शाळेचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्या असा कायदा आहे, नावं कागदावर असतात पण मीटिंगचा निरोप येत नाही, तर गटातल्या ज्या समितीत आहेत त्यांनी दर महिन्याला मीटिंग कधी हे मुख्याध्यापकांना विचारून यायचं आणि तिथं काय झालं ते गटात सांगायचं. सातवीनंतर मुलगी घरी बसतेय असं दिसलं तर आधी एसटीचा पास काढा, गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत तो फुकट आहे.

धंद्याचं थोडक्यात सांगते. सगळ्यांनी मिळून पापड-लोणचं करू नका, तालुक्यात तोच माल पडून असतो. आमच्याकडं दोन-दोन उस्मानाबादी शेळ्या ज्याच्या त्याच्या दारात हे चाललं, पण पावसाळ्याआधी आंत्रविषार या शेळ्यांच्या आतड्याच्या रोगाची लस टोचली तरच, नाहीतर कर्ज राहतं आणि शेळी जाते.

आता स्थलांतराचं, इथं बरेच गट मरतात. दिवाळीच्या पुढंमागं कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या निघाल्या की गावात म्हातारी माणसं उरतात. म्हणून गाडी यायच्या आधी एक मोठी बैठक घ्या आणि तीन गोष्टी करूनच उठा. उचल मिळाली की त्यातून सहा महिन्यांची बचत, म्हणजे 26 आठवड्यांचे 650 रुपये, आगाऊ भरून घ्या आणि ज्या गावात राहणार त्यांच्यापैकी एकीकडं रजिस्टर द्या. मागं राहू शकणाऱ्या मुलांची नावं हंगामी वसतिगृहासाठी (आईबाप तोडीला गेल्यावर मुलांची गावातच सोय) शाळेत द्या, आजी-आजोबांना सोबत घेऊन जा. आणि गरोदर बाई किंवा लहान लेकरू जातंय त्या घरी लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या गाठोड्यात तुमच्या हातानं ठेवा, पुढचा डोस कोणत्या तारखेचा ते आईकडून पाठ म्हणून घ्या, आणि जिथं तोड चालू असेल त्या फडाच्या जवळच्या आशाताईला कार्ड दाखव असं सांगा. मार्च-एप्रिलात गाड्या परतल्या की त्याच आठवड्यात बैठक लावा, पासबुकाबरोबर ती कार्डंही मागा, ज्याचा डोस चुकलाय त्याला पुढच्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत घेऊन जा.